हात मांडीवर येईपर्यंत

पहिलंच पान मावशींनी फार लवकर उलटलं.

मी अजून उजव्या पानाच्या मधल्या ओळीवर होते. डोळ्यांसमोरून अचानक सगळं नाहीसं झालं आणि पुढचं पान आलं. माझी बोटं अडखळली आणि थांबली.

"मावशी, एक मिनिट," मी म्हटलं. "मी मान हलवीन. मान हलवली की मगच उलटायचं."

"बरं," ताबीथा मावशी म्हणाल्या. त्यांनी पान जपून मागे आणलं, कोपरा सरळ केला आणि माझ्या डाव्या हाताला ठेवलेल्या स्टुलावर पुन्हा बसल्या. पांढरी सुती साडी, बारीक काळा काठ, मांडीवर दुमडलेला रुमाल. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. समोरच्या पुस्तकाकडेही नव्हतं. मान जराशी कलती ठेवून, शेजारच्या घरातलं बोलणं कानावर पडतंय का ते ऐकावं, तशा त्या बसल्या होत्या.

मी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी पुन्हा लवकर पान उलटलं. आणि पुन्हा त्याच जागी.

ही गोष्ट नगरची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि माझा स्वभाव आजच्यापेक्षा बराच तिरसट होता. तिथल्या एका चर्चच्या कंपाउंडात दगडी भिंतींचं जुनं सभागृह आहे आणि तिथली हौशी मंडळी वर्षातून काही शनिवारी संगीताचा कार्यक्रम ठेवत असत. कधी व्हायोलिन, कधी चार आवाजांतली गाणी. त्या एप्रिलमध्ये त्यांनी पियानोसाठी मला बोलावलं होतं.

मला कोणी बोलवावं याचंच मला नवल वाटलं होतं. आमच्या परचुऱ्यांच्या घरात पियानो म्हणजे उल्काचं खूळ. "पेटी शिकली असतीस तर चार भजनांना साथ तरी केली असतीस," हे आईचं ठरलेलं वाक्य. तरी मी पुण्याला कॅम्पात एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे वर्षानुवर्षं शिकले आणि बरं वाजवायला लागले. आणि मग एका मोठ्या कार्यक्रमात, भरलेल्या हॉलसमोर, पाठ असलेला तुकडा वाजवता वाजवता माझं डोकं कोरं झालं. पुढचं काही आठवेना. मी तशीच बसून राहिले. मागे कोणीतरी खाकरलं, कोणीतरी हसलं, आणि मी उठून विंगेत निघून गेले. त्यानंतर दोन वर्षं मी लोकांसमोर वाजवलं नव्हतं. नगरला जायचं कबूल केलं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की इथेही अर्ध्यावर थांबले, तर पियानो विकून टाकायचा आणि आईला पेढे द्यायचे.

म्हणून या वेळी मी पाठ वाजवणार नव्हते. पुस्तक समोर ठेवणार होते. पुस्तक समोर म्हणजे पानं उलटायला माणूस हवं, आणि नगरच्या मंडळींनी कळवलं होतं की काळजी करू नका, आमच्या ताबीथाबाई आहेत, पानं नेहमी त्याच उलटतात.

आणि त्या ताबीथाबाईंना पान उलटता येत नव्हतं.

"तुम्हाला मी दिसत नाही का नीट?" तिसऱ्या खेपेला मी जरा तडकूनच विचारलं. "स्टूल पुढे घेऊ?"

"दिसतेस की," त्या म्हणाल्या. "चांगली दिसतेस. जरा बारीक आहेस, एवढंच."

मला हसू आलं आणि राग अर्धा झाला.

डॉक्टर चहा घेऊन आले तेव्हा मी तक्रार करायच्या बेतात होते. डॉक्टर शांतवन आढाव मंडळाचे कर्ते होते. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. बोलता बोलता समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय राहिलेली. मावशी परात घेऊन नळावर गेल्या होत्या. नगरच्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं, म्हणून पियानोखाली कायम पाण्याची परात ठेवलेली असे आणि ती भरायचं कामही मावशींचंच होतं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते. त्यांचा ओला वास आणि बाहेरची तापलेली दुपार, एवढंच काय ते त्या सभागृहात होतं.

"आमची एक पद्धत सांगून ठेवतो," डॉक्टर कपात चहा ओतत म्हणाले. "तुकडा संपला तरी आमच्याकडे लगेच टाळ्या वाजत नाहीत. तुम्ही हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले, की मगच. तोवर कोणी हलत नाही, खोकत नाही. लहानपणापासून शिकवलंय सगळ्यांना."

"वा," मी मनापासून म्हटलं. "पुण्याला हे कोणीतरी शिकवायला हवं."

"हं," ते म्हणाले, पण खूश झाल्यासारखे दिसले नाहीत. "आणि शेवटचा तुकडा आमच्या पसंतीचा, तेवढं पाळा. बाकी कार्यक्रम तुमच्या मनाचा."

त्या तुकड्याचं नाव मी लिहीत नाही. संथ आहे, फार अवघड नाही. त्याचं पुस्तक डॉक्टरांनी महिनाभर आधी मला पुण्याला पाठवलं होतं. वर आतल्या बाजूला शाईने नाव होतं, करुणा भांबळ. पुस्तक जुनं पण नीट ठेवलेलं. फक्त शेवटून दुसऱ्या पानाचा खालचा कोपरा मळून, झिजून कापडासारखा मऊ झाला होता. मला वाटलं, या बाईंनी या जागेवर फार मेहनत घेतलेली दिसते.

त्या पानाच्या तळाशी एक जागा आहे. तिथे दोन्ही हातांनी सगळे सूर एकदम दाबायचे आणि धरून ठेवायचे. किती वेळ धरायचे ते लिहिलेलं नाही. ते वाजवणाऱ्याच्या मर्जीवर. मग पान उलटायचं आणि पुढच्या अर्ध्या पानात तुकडा संपतो.

चहानंतर आम्ही तोच तुकडा घेतला. मावशी पानं लवकर उलटतच होत्या, पण आता मला त्यातली शिस्त कळायला लागली. त्या दर वेळी सारख्याच अंतराने पुढे होत्या. कोणीतरी माझ्यापेक्षा जरा भरभर वाजवत असावं आणि त्या त्याच्यासाठी पान उलटत असाव्यात, असं ते होतं. माझ्याही नकळत मी त्यांना गाठायला बघू लागले. वेग वाढला. मी एरवी पेडल जपून वापरते, ते सैल सोडलं. वाजवताना मला चक्क बरं वाटत होतं, आणि ते वाजवणं माझं नव्हतं.

दारात कप खळखळले. डॉक्टर रिकामी भांडी घेऊन बाहेर चालले होते, ते उंबऱ्यातच थांबले होते. चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?" मी वाजवता वाजवता विचारलं.

"काही नाही. वाजवा, वाजवा," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी ती शेवटची जागा दाबून धरली. मावशी उठून उभ्या राहिल्या. पानाचा तो मऊ कोपरा त्यांनी अंगठा आणि बोट यांत धरला. डोळे मिटले. मी मान हलवली. पान हललं नाही. मी पुन्हा हलवली. सूर विरत विरत संपले, बाहेर कावळे ओरडले, आणि मावशी तशाच उभ्या.

"मावशी, पान."

त्यांनी डोळे उघडले. "इथं थांबू या आज," त्या म्हणाल्या. "पुढचं उद्या."

शुक्रवारी तेच झालं. शनिवारी सकाळीही तेच. सगळी पानं ठरल्या जागी, लवकर. शेवटचं पान नाहीच. शनिवारी मी हात आपटून उठले.

"संध्याकाळी लोक येणार आहेत, मावशी! हे पान उलटलं नाही तर मी काय करू? तुम्ही नोटेशन वाचता ना? मग दिसत नाही कुठे उलटायचं ते?"

"मी?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मला कुठं येतंय वाचता? करुणाला यायचं. माझी थोरली बहीण. मी आपली घर सांभाळायची."

"मग इतकी वर्षं पानं कशी उलटलीत?"

"श्वास ऐकून. पान उलटायच्या आधी ती नाकानं श्वास घ्यायची, असा." त्यांनी घेऊन दाखवला. लांब, खोल, जड वस्तू उचलण्याआधी आपण घेतो तसा. "तो आला की उलटायचं. कधी चुकले नाही मी. विचार कोणालाही."

मला जरा हायसं वाटलं. आता निदान कारण कळलं होतं. "मग असं करू," मी समजुतीने म्हटलं. "मी पण तसा श्वास घेईन, मोठ्याने. म्हणजे या तीन दिवसांत तुम्ही माझा श्वास ऐकत होता आणि गोंधळ होत होता, असंच ना?"

"तुझा?" मावशी म्हणाल्या. "तुझा कशाला ऐकू?"

त्यांनी रुमाल घडी घालून ठेवला, परात उचलली आणि नळाकडे गेल्या.

मी डॉक्टरांच्या घरी गेले ती जवळजवळ पळतच. ते व्हरांड्यात कार्यक्रमाचे कागद दुमडत बसले होते. मी बसलेसुद्धा नाही.

"ताबीथा मावशींच्या बहिणीला काय झालं?"

त्यांनी कागद बाजूला ठेवले. जणू या प्रश्नाची ते तीन दिवस वाट बघत होते.

"पाणी देऊ?"

"नको. सांगा."

"करुणा मिसने आम्हा सगळ्यांना शिकवलं," ते म्हणाले. "ती हात मांडीवर ठेवायची पद्धतही तिचीच. असाच शनिवार होता. शेवटी हाच तुकडा. ती त्या जागेपर्यंत आली, सूर धरले आणि धरूनच ठेवले. आम्हाला वाटलं, आज तिला जास्त धरायचंय. तिची मर्जी. सूर विरले. तिचे हात पट्ट्यांवरच होते. ताबी पान धरून उभी होती. आम्ही थांबलो."

"मग?"

"थांबलो, उल्काताई. बाहेर उजेड होता, तो गेला. कोणी हललं नाही. हात मांडीवर आले नव्हते ना! मी पहिल्या रांगेत होतो. मी डॉक्टर. मला समोर दिसत होती ती, आणि मला वाटत होतं, काय शांतता आहे ही, असं कधी ऐकलंच नव्हतं." त्यांचा आवाज चिरकला. "शेवटी वॉचमन दिवे लावायला आला. दिवा लागला आणि तिचा चेहरा दिसला. ताबीने तरी पान सोडलं नाही. म्हणाली, श्वास आलेला नाही अजून. बोटं सोडवावी लागली."

मी खाली बसले. कागदांवरच बसले बहुधा.

"त्यानंतर पियानो झालाच नाही इथे. व्हायोलिन झालं, गाणी झाली. पण दर रविवारी उपासना झाली की ताबी सभागृहात जाते. पुस्तक लावते, कोपरा धरते आणि उभी राहते. सबंध दुपार. तुमच्याकडे पुस्तक पाठवलं तो महिना ती नुसतीच उभी राहायची. आणि ही झाली एकट्या ताबीची गोष्ट. पण त्या संध्याकाळी सभागृहात जे जे होतं, त्यांतल्या कोणाला अजून नीट… कसं सांगू? मी जेवायला बसलो तरी असं वाटतं, काहीतरी चालू आहे आणि मी मध्येच उठलोय."

"हे मला आधी सांगायला नको?" मी ओरडलेच.

"सांगितलं असतं तर आला असता?"

"नसते आले! आणि मलाच का? पुण्यामुंबईत दुसरं कोणी सापडलं नाही?"

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या त्या कार्यक्रमाला मी आलो होतो," ते हळूच म्हणाले. "तुम्ही थांबलात आणि उठून गेलात, तेव्हा मी मागे बसलो होतो. अर्ध्यावर राहिलेलं डोक्यात कसं वाजत राहतं, हे तुम्हाला समजावून सांगायला लागणार नाही, असं वाटलं. चुकलं असेल आमचं."

मला भयंकर संताप आला. मी सरळ पाहुण्यांच्या खोलीत जाऊन बॅग भरली. माळीवाड्याच्या स्टँडवरून चारची पुण्याची गाडी होती. तिने जायचं आणि जायच्या आधी मावशींचा निरोप घ्यायचा, एवढी माणुसकी माझ्यात शिल्लक होती.

सभागृहात ऊन तिरकं आलं होतं. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. मावशी पियानोजवळ उभ्या होत्या, सुरुवातीच्या एका पानाचा कोपरा चिमटीत धरून, डोळे मिटून. बाकावर कोणी नव्हतं. मी दारातून बघत राहिले. तेवढ्यात त्यांनी ते पान उलटलं, मग त्याच्या पुढचं, तब्येतीत, मधे योग्य तेवढा वेळ जाऊ देऊन, आणि त्या मऊ कोपऱ्याशी येऊन थांबल्या. आता सांगायला लाज वाटते, पण दोन पानांमधल्या त्या वेळात मी मनात तो तुकडा वाजवून बघितला. एकही पान चुकलं नव्हतं.

"आलीस?" डोळे न उघडता मावशी म्हणाल्या. "ये. तिला फार ताटकळत ठेवलंय आपण."

त्यांचे पाय थरथरत होते. या वयात इतका वेळ उभं राहून आणखी काय होणार? भीती होतीच, ती कुठे गेली नव्हती. पण ही बाई उद्या रविवारी पुन्हा इथे उभी राहणार, आणि पुढच्या रविवारी, आणि त्याच्या पुढच्या, हे मला सहन होईना. मी बॅग कोपऱ्यात ठेवली.

"बसा हो जरा स्टुलावर," मी म्हटलं. "संध्याकाळी उभं राहायचंच आहे."

लोक साडेपाचला आले. इस्त्रीचे कपडे, पावडरचे वास, एकमेकांना "सलाम, सलाम" करत. बहुतेक वयस्कर. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कुठे बसायचं ते कोणी शोधत नव्हतं. प्रत्येकजण सरळ आपल्या खुर्चीकडे जात होता आणि मधल्या काही खुर्च्या तशाच रिकाम्या सोडत होता. त्या संध्याकाळी जो जिथे होता तो तिथेच बसतोय, हे कळायला मला कोणाला विचारावं लागलं नाही.

पहिले तुकडे बरे गेले. म्हणजे भीतीने हात गार पडले होते, पण बोटं चालत होती. दर वेळी मी हात मांडीवर ठेवले की टाळ्या पडत, नेमक्या आणि आटोपशीर. मग डॉक्टर उठले, त्यांनी शेवटच्या तुकड्याचं नाव सांगितलं आणि बसले. सभागृहात कोणी जागच्या जागीसुद्धा हललं नाही.

मी सुरुवात केली आणि पहिल्या पानाअखेर मला घाम फुटला. मावशींनी पान बरोबर वेळेवर उलटलं. जरासुद्धा लवकर नाही. मी माझ्याच वेगाने, माझ्याच पद्धतीने वाजवत होते, आणि पानं अशी उलटत होती की त्याहून चांगलं कोणी उलटू शकणार नाही. तीन दिवस जी कोणी माझ्यापुढे होती, ती आता पुढे नव्हती. ती माझ्यासाठी थांबून, माझ्याबरोबर चालत होती.

मी त्या जागेवर आले. सूर दाबले. धरले.

मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी कोपरा धरला.

मी दुपारीच ठरवून ठेवलं होतं. नाकाने लांब श्वास घ्यायचा, त्यांनी दाखवला होता तसाच. मी घेतला. चांगला ऐकू जाईल असा घेतला. मावशींनी अगदी बारीकशी मान हलवली. नाही म्हणून.

बरं, पुढचं पान मला पाठ होतं. अर्धं पान तर होतं! महिनाभर रोज वाजवलेलं. मी आठवायला गेले आणि डोकं कोरं. पुण्याला झालं होतं तेच, अगदी तसंच, कानात तोच सूं आवाज. हात उचलून स्वतःच पान उलटावं म्हटलं तर हात उचलेना. उचलला की संपलं. यांच्या लेखी उचललेला हात म्हणजे शेवट.

सूर विरत गेले. खिडकीतला उजेड तांबूस झाला, मग करडा. कोणी खाकरलं नाही. कोणी हसलं नाही. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून लोकांकडे बघितलं आणि मला दिसलं की ते माझी वाट बघतच नव्हते. ती सगळी माणसं इतकी वर्षं ज्याची वाट बघत होती त्याचीच वाट बघत होती. मी फक्त मधे बसले होते.

आवाज पूर्ण संपला. माझ्या कानांना तरी संपला. मी खाली बघितलं. परातीतलं पाणी थरथरत होतं. बारीक बारीक वर्तुळं मधून काठाकडे जात होती, थांबायचं नाव नाही. पट्ट्या माझ्याच बोटांखाली होत्या आणि माझ्या बोटांना कसलाही कंप जाणवत नव्हता.

मग कोणीतरी श्वास घेतला.

माझ्या उजव्या कानाशी. मावशी डावीकडे होत्या. नाकाने, लांब, खोल, कितीतरी वेळाने, दमून बसलेलं माणूस आता उठू या म्हणून घेतं तसा.

पान उलटलं.

मी वाजवलं. कसं वाजवलं ते मला सांगता येणार नाही, पण एकही सूर चुकला नाही, आणि मी रडत होते. शेवटचे सूर आले, गेले. मी हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

टाळ्या वाजल्या नाहीत.

मी थांबले. हात मांडीवर घट्ट दाबून धरले. काही विसरले का? पान उलटं लागलं का? मी मान वळवून लोकांकडे बघितलं. सगळे समोर बघत होते, पण माझ्या हातांकडे नाही. जरा वर, जरा उजवीकडे, माझ्या बाकाच्या रिकाम्या टोकाकडे. मग सगळ्यांची नजर सावकाश खाली आली आणि त्याच क्षणी, सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. नुसत्या वाजवल्या नाहीत. म्हातारी माणसं उभी राहिली. कोणी डोळे पुसत होतं, कोणी देवाचं नाव घेत होतं.

मावशींनी पुस्तक मिटलं. "झालं गं बाई," त्या म्हणाल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या. मी त्यांचा हात हातात घेतला. अंगठा आणि बोट अजून चिमटीतच होतं. मी चोळत बसले, तेव्हा कुठे हळूहळू सुटलं.

त्यानंतर त्या रविवारी सभागृहात गेल्या नाहीत. तीन-चार वर्षांनी झोपेतच गेल्या असं कळलं. मी पियानो विकला नाही आणि आईला पेढे मिळाले नाहीत. पुढे कितीतरी ठिकाणी वाजवलं, आणि अर्ध्यावर कुठेही थांबले नाही. फक्त पानं उलटायला मी शेजारी कोणाला बसवत नाही. पाठच वाजवते.

त्या संध्याकाळी लोक चहा घेऊन, मला पुन्हा पुन्हा आशीर्वाद देऊन गेले. करुणा मिसचं नाव एकानेही काढलं नाही. डॉक्टर परात उचलून पायऱ्यांशी आले आणि त्यांनी पाणी बोगनवेलीच्या मुळाशी ओतलं. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"डॉक्टर, एक विचारू? शेवटी टाळ्यांना इतका उशीर का झाला?"

"उशीर?" त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. "हात मांडीवर आले आणि लगेच वाजवल्या की."

"माझे हात केव्हाच मांडीवर आले होते."

डॉक्टरांनी परात उपडी करून झटकली. उरलेलं पाणी पायरीवर पडलं.

"हो," ते म्हणाले. "तुमचे आले होते."